फटाका, अंतर आणि अवधी : इजा कशा होतात आणि कशा टाळता येतात

दिवाळीच्या दिवसांत फटाक्यांमुळे भाजण्याच्या, डोळ्याला किंवा हाताला इजा होण्याच्या आणि आगी लागण्याच्या घटना महाराष्ट्रात दरवर्षी घडतात, आणि त्यांच्याकडे नशिबाचा भाग म्हणून पाहण्याची सवयही तितकीच जुनी आहे. प्रत्यक्षात या इजांची कारणे मोजकी आणि ठरावीक असतात. पेटत्या फटाक्याच्या फार जवळ असणे आणि तो पूर्ण विझण्याआधी त्याच्याजवळ परत जाणे, या दोन गोष्टींतच बहुतेक दुर्घटनांचे मूळ सापडते. म्हणून अंतर आणि अवधी या दोन कसोट्या समजल्या, तर सुरक्षिततेचे बाकीचे जवळजवळ सर्व नियम त्यांतून आपोआप निघतात, आणि ते पाठ करण्यापेक्षा त्यांच्यामागचे कारण समजून घेणे अधिक उपयोगी ठरते.

भारतात शोभेच्या दारूला काही शतकांची परंपरा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी इ. स. १४०० ते १९०० या काळातील भारतीय आतषबाजीचा इतिहास साधार मांडला असून, ओडिशाचा गजपती राजा प्रतापरुद्रदेव याच्या नावावर असलेल्या ‘कौतुकचिंतामणी’ या संस्कृत ग्रंथातील दारूकामाच्या कृतींची त्यांनी दखल घेतली आहे. मात्र त्या काळी ही आतषबाजी प्रामुख्याने दरबारात, देवळांच्या उत्सवांत आणि श्रीमंतांच्या लग्नांत होत असे आणि ती करणारे कारागीर हे त्या कामात मुरलेले लोक असत. विसाव्या शतकात तामिळनाडूतील शिवकाशी येथे आगपेट्यांच्या पाठोपाठ फटाक्यांचा उद्योग उभा राहिला, माल स्वस्त झाला आणि जाणकाराच्या हातातील वस्तू घराघरांतील लहान मुलांच्या हातात आली. वस्तूचा प्रसार झाला, पण ती हाताळण्याचे ज्ञान तिच्याबरोबर पोहोचले नाही, आणि आजच्या इजांचे एक मोठे कारण या दरीत आहे.

फटाक्याच्या आत काय घडते

लाकूड किंवा कागद जळताना त्याला भोवतालच्या हवेतील प्राणवायू लागतो, म्हणून त्यावर झाकण घातले की तो विझतो. फटाक्याच्या दारूचे तसे नसते. पारंपरिक काळी दारू ही साधारणपणे ७५ टक्के सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक यांचे मिश्रण असते. त्यातील कोळसा आणि गंधक ही जळणारी द्रव्ये, तर सोरा हा त्यांना प्राणवायू पुरवणारा क्षार होय. ज्वलनाला लागणारे सर्व काही मिश्रणातच असल्यामुळे अशी दारू बंद जागेतही जळते, आणि तिच्यावर डबा, करवंटी किंवा मडके उपडे घातले तर ती विझण्याऐवजी आत वायूचा दाब साठत जाऊन त्या भांड्याच्याच ठिकऱ्या उडतात. फटाक्यावर पत्र्याचा डबा ठेवून तो किती उंच उडतो हे पाहण्याचा खेळ म्हणूनच इतका घातक आहे, कारण त्यात साध्या फटाक्याला धातूच्या धारदार तुकड्यांची जोड मिळते.

मोकळ्यावर ठेवलेली चिमूटभर दारू भसकन जळून जाते. तीच दारू घट्ट आवरणात कोंडली की स्फोट होतो. सुतळी बॉम्बभोवती डिंकाने चिकटवलेले सुतळीचे घट्ट वेढे हे केवळ वेष्टन नसून त्याच्या आवाजाचे कारण आहेत, कारण आतील वायूचा दाब हे आवरण फोडण्याइतका वाढेपर्यंत ते त्याला रोखून धरते. मोठ्या आवाजाच्या फटाक्यांत काळ्या दारूऐवजी ॲल्युमिनियमची बारीक पूड असलेले मिश्रण वापरतात. ते काळ्या दारूपेक्षा कितीतरी वेगाने जळते आणि त्यामुळे त्याची थोडी मात्राही हाताची बोटे तोडण्यास पुरेशी ठरते.

पाऊस, भुईचक्र आणि बाण हे फटाके मुळात फुटण्यासाठी बनवलेले नसतात. त्यांतील दारू दाबून भरलेली असते, जेणेकरून ती थराथराने जळावी आणि तयार होणारा वायू अरुंद तोंडातून बाहेर पडत राहावा. परंतु ओलाव्याने, उंचावरून पडल्याने किंवा जुनेपणामुळे या भरलेल्या दारूला भेगा गेल्या, तर ज्योत एकाच वेळी त्या सर्व भेगांत शिरते, वायू एकदम तयार होतो आणि अरुंद तोंडातून तो पुरेसा बाहेर पडू न शकल्याने पाऊस बॉम्बसारखा फुटतो. मागच्या वर्षीचे उरलेले, माळ्यावर दमट जागी पडलेले फटाके उन्हात वाळवून वापरण्याची पद्धत या कारणासाठी टाळली पाहिजे, कारण उन्हाने ओलावा गेला तरी भेगा भरून येत नाहीत.

राहिली वात. ती म्हणजे दारू लावलेला दोरा किंवा दारू भरलेली कागदाची बारीक नळी. तिचे काम एकच असते, ते म्हणजे पेटवणाऱ्याला दूर जाण्यास पुरेसा अवधी देणे. पण वातीतील दारू सर्वत्र सारखी नसते; एखाद्या ठिकाणी ती दाट असली तर वात झरकन जळते, दमट असली तर ज्योत दिसेनाशी होते आणि आतल्या आत धुमसत राहते. वात लवकर पेटावी म्हणून तिचा कागद सोलणे किंवा तिचे टोक तोडून ती आखूड करणे म्हणजे हा अवधी स्वतःच्या हाताने कमी करणे होय.

फुसका फटाका

वात पेटलेली दिसली, सगळे दूर पळाले आणि फटाका मात्र वाजला नाही, तर काही क्षण वाट पाहून एखादे मूल पुढे जाते, वाकून पाहते, पायाने ढकलते किंवा फुंकर घालते. फटाक्यांच्या सर्व प्रसंगांत हा प्रसंग सर्वांत धोक्याचा आहे. विझलेली दिसणारी वात आत धुमसत असू शकते, फुंकरीने तिला हवा मिळते, आणि त्या क्षणी चेहरा फटाक्यापासून वीतभर अंतरावर असतो. अशा वेळी स्फोटाचा सर्व जोर डोळे, पापण्या आणि गाल यांवर येतो. फुसका निघालेला फटाका पुन्हा पेटवायचाच नाही, त्याच्याजवळ किमान पंधरा-वीस मिनिटे जायचे नाही आणि नंतर दुरून त्यावर बादलीभर पाणी ओतून तो भिजवून टाकायचा, हा नियम घरातील प्रत्येक मुलाला दिवाळीच्या आधी सांगून ठेवावा.

फुसक्या फटाक्यांशी निगडित दुसरा खेळ याहूनही वाईट आहे. पाडव्याच्या किंवा भाऊबीजेच्या सकाळी मुले अंगणातील न वाजलेल्या लवंग्या आणि बॉम्ब गोळा करतात, ते सोलून दारू कागदावर काढतात आणि तिच्या ढिगाला काडी लावतात. या दारूला वात नसल्यामुळे अवधीच मिळत नाही. काडी टेकताच ढीग भडकतो आणि काडी धरणारा हात व त्यावर वाकलेला चेहरा दोन्ही एकाच वेळी भाजतात. ही दारू बाटलीत किंवा लोखंडी नळीत ठासून भरण्याचा प्रयोग तर प्रत्यक्ष बॉम्ब बनवण्यासारखाच आहे. फटाके वाजवून झाल्यावर त्याच रात्री अंगण झाडून तो सर्व कचरा पाण्यात भिजवल्यास मुलांचा हा खेळ सुरूच होत नाही, आणि सकाळी तो कचरा हाताने उचलणाऱ्या सफाई कर्मचाऱ्यांचेही रक्षण होते.

आवाज हे धोक्याचे माप नव्हे

पालक साधारणपणे आवाजावरून धोका ठरवतात. सुतळी बॉम्ब मोठ्यांसाठी राखून ठेवतात आणि फुलबाजी, पाऊस व भुईचक्र हे निरुपद्रवी समजून लहानग्यांच्या हाती देतात. ही वाटणी फसवी आहे. फुलबाजीच्या तारेवर धातूची पूड आणि प्राणवायू देणारे क्षार यांचा लेप असतो, आणि तिचे जळते टोक सुमारे १००० अंश सेल्सिअसपर्यंत किंवा त्याहूनही अधिक तापते. पाणी १०० अंशाला उकळते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. शिवाय हा प्रकार असा आहे की तो पेटवून दूर जाता येत नाही, तो हातातच धरावा लागतो. म्हणजे अंतराची कसोटी येथे मुळातच लागू पडत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाचा हात इतका आखूड असतो की फुलबाजी पुढे धरली तरी तिच्या ठिणग्या चेहऱ्याजवळ आणि कपड्यावर पडतात.

म्हणून पाच वर्षांखालील मुलांच्या हातात फुलबाजी देऊच नये. मोठ्या मुलांनी ती हात लांब करून, शरीरापासून बाजूला धरावी. एका वेळी एकच धरावी. एकीवरून दुसरी पेटवताना दोन मुलांनी तोंडाजवळ तोंड आणू नये, आणि कडेवरील बाळाला घेऊन कोणीही फुलबाजी पेटवू नये. जळून गेलेली तार लाल दिसेनाशी झाली तरी बराच वेळ चटका देण्याइतकी गरम असते. नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून अनवाणी अंगणात आलेल्या मुलांच्या तळपायांना या फेकलेल्या तारांचेच चटके बसतात. प्रत्येक तार विझताच पाण्याच्या बादलीत टाकायची सवय लावली आणि पायांत बंद बूट घातले, तर ही इजा पूर्णपणे टळते.

पाऊस पेटवताना माणूस त्याच्या तोंडावर वाकतो, कारण वात वरच्या टोकाला असते, आणि उसळणाऱ्या ठिणग्यांचा पहिला झोत त्यामुळे थेट चेहऱ्यावर येतो. पाऊस, भुईचक्र किंवा जमिनीवर ठेवायचा कोणताही फटाका लांब उदबत्तीने किंवा लांब काठीला बांधलेल्या उदबत्तीने, बाजूला उभे राहून, हात ताणून आणि चेहरा वळवून पेटवावा. आगकाडी किंवा लायटर वापरल्यास हात वातीच्या अगदी जवळ न्यावा लागतो. बाण सोडण्यासाठी काचेच्या बाटलीचा वापर सर्रास होतो, परंतु हलकी बाटली कलंडली की बाण आडवा जाऊन शेजारच्या गॅलरीत किंवा माणसांत शिरतो आणि बाटली फुटली तर काचांची भर पडते. वाळूने भरलेल्या बादलीत रोवलेली पोकळ नळी या कामासाठी अधिक भरवशाची असते. बाणाची काडी ही त्याची दिशा स्थिर ठेवते, त्यामुळे काडी मोडलेला किंवा वाकलेला बाण कधीही सोडू नये.

आवाज अजिबात नसलेली नागगोळीही निरुपद्रवी नाही. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ मध्ये मुलांच्या आवडत्या फटाक्यांच्या धुराची मोजणी केली, तेव्हा श्वासाबरोबर फुप्फुसांत खोलवर जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचे सर्वांत जास्त प्रमाण या छोट्या काळ्या गोळीच्या धुरात आढळले. साप वाढताना पाहण्यासाठी मुले तिच्याभोवती उकिडवी बसून खाली वाकतात, आणि तो धूर त्यांच्या नाकाशीच असतो. दमा असलेल्या मुलांना, वृद्धांना आणि गरोदर स्त्रियांना या धुरापासून दूर ठेवावे, दम्याचा पंप हाताशी असू द्यावा आणि फटाक्यांच्या वेळेत रस्त्याकडील खिडक्या बंद ठेवाव्यात. एखाद्या मुलाने नागगोळी किंवा टिकली गिळली, तर त्याला उलटी करवण्याच्या भरीस न पडता वेष्टनासह लगेच रुग्णालयात न्यावे, कारण काही फटाक्यांतील क्षार विषारी असतात.

डोळ्याची इजा

फटाक्यामुळे होणाऱ्या इजांपैकी हात आणि डोळा यांच्या इजा सर्वांत जास्त वेळा आयुष्यभराच्या ठरतात. डोळ्याला इजा झालेल्यांत फटाका पेटवणारेच असतात असे नाही. नुसते पाहत उभे राहिलेले किंवा रस्त्याने जाणारे लोकही त्यांत मोठ्या संख्येने असतात. उडालेला तुकडा, खडा किंवा बाण डोळ्यावर आदळला की अनेक प्रकारे हानी होते. बुबुळावरील पारदर्शक पटलाला ओरखडा पडतो. पटल आणि बाहुली यांच्यामधील पोकळीत रक्त साचते. आतील भिंग गढूळ होऊन मोतीबिंदू होतो. मागील दृष्टिपटल सुटते. आणि आघात फार जोराचा असला तर डोळ्याचा गोलच फाटतो. यांपैकी काही बिघाड त्याच दिवशी दिसत नाहीत. डोळ्यातील द्रवाचा निचरा करणारा कोन आघाताने फाटला तर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, म्हणून दिसणे पूर्ववत झाले तरी नेत्रतज्ज्ञाने सांगितलेल्या पुढील तपासण्या टाळू नयेत.

डोळ्याला मार लागल्यावर पहिल्या काही मिनिटांत काय करायचे नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे. डोळा चोळू नये, दाबू नये, जोर लावून उघडून पाहू नये, रुतलेला तुकडा उपसू नये, आणि घरातील कोणतेही थेंब, मलम, गुलाबपाणी किंवा दूध त्यात घालू नये. डोळ्याचा गोल फाटला असेल तर किंचित दाबानेही त्यातील नाजूक भाग बाहेर येऊ शकतात. अशा वेळी कागदी पेल्याचा तळ किंवा तत्सम कडक आवरण डोळ्याला न टेकता, भोवतालच्या हाडांवर टेकेल अशा बेताने ठेवून चिकटपट्टीने बसवावे, रुग्णाला डोके किंचित उंच ठेवून शांत बसवावे आणि विनाविलंब नेत्र रुग्णालयात न्यावे. शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता असल्याने त्याला काही खायला-प्यायला देऊ नये.

नुसती राख, दारूची पूड किंवा रसायन डोळ्यात गेले असेल तर मात्र उपचार वेगळा असतो. तेव्हा स्वच्छ पाण्याच्या संथ धारेने डोळा पंधरा ते वीस मिनिटे धुवायचा आणि मग डॉक्टरांकडे जायचे. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात ‘कार्बाइड गन’मुळे अनेक मुलांच्या व तरुणांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्या, तेव्हा हा फरक ठळकपणे पुढे आला. शेतातील माकडे व पाखरे हुसकावण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या या प्लास्टिकच्या नळीत कॅल्शियम कार्बाइडचे खडे आणि पाणी टाकतात. त्यातून ॲसिटिलीन वायू तयार होतो, लायटरच्या ठिणगीने तो भडकतो आणि मोठा आवाज होतो. वायू पेटला नाही म्हणून मुले नळीत डोकावतात, आणि उशिरा झालेल्या स्फोटाबरोबर ज्वाळा, प्लास्टिकचे तुकडे व अभिक्रियेतून तयार झालेला चुना असे सारे एकदम डोळ्यावर येते. चुना हा तीव्र अल्कली असल्यामुळे तो पटलात झिरपत जाऊन त्याची पारदर्शकता नष्ट करतो, म्हणून कार्बाइडच्या इजेत भरपूर पाण्याने धुण्यास क्षणाचाही विलंब करू नये. फुसक्या फटाक्याचाच हा दुसरा अवतार म्हटला पाहिजे. वाट न पाहता जवळ जाण्याची तीच चूक येथे अधिक मोठी किंमत घेते.

भाजल्यावर

अंगावरील कपड्यांनी पेट घेतला तर माणूस घाबरून पळू लागतो, आणि पळण्याने ज्वाळांना अधिक वारा मिळून त्या चेहऱ्याकडे चढतात. त्याला थांबवावे, जमिनीवर आडवे पाडावे आणि चेहरा हातांनी झाकून लोळवावे, किंवा जाड सुती चादर, घोंगडी अथवा सतरंजी गुंडाळून ज्वाळा विझवाव्यात. नायलॉन आणि पॉलिस्टरचे कपडे वितळून त्वचेला चिकटतात, तर सैल ओढणी, घेरदार परकर आणि साडीचा मोकळा पदर हे सुती असले तरी ठिणगी चटकन पकडतात. फटाके वाजवण्यापुरते सणाचे तलम कपडे बदलून जाड, अंगाबरोबरचे सुती कपडे घालणे आणि मोकळे केस बांधणे, ही खबरदारी म्हणूनच फार मोलाची आहे.

ज्वाळा विझल्यावर भाजलेल्या भागावर लगेच नळाचे साधे थंड पाणी वीस मिनिटे सोडत राहावे. त्वचेचा पृष्ठभाग गार लागू लागला तरी खालच्या थरांत साठलेली उष्णता पेशींची हानी करत असते, आणि वाहते पाणी ती उष्णता काढून घेते. इजेनंतर पहिल्या तीन तासांत केव्हाही असे पाणी सोडल्यास उपयोग होतो, मात्र जितके लवकर तितके चांगले. बर्फ लावल्याने त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावून हानी वाढते. टूथपेस्ट, तूप, हळद, बटाट्याचा कीस, शाई यांसारखे घरगुती लेप उष्णता आत कोंडतात, जंतुसंसर्गाला वाव देतात आणि भाजण्याची खोली डॉक्टरांना नीट दिसू देत नाहीत. पाणी सोडत असतानाच सूज येण्याआधी अंगठ्या, बांगड्या, घड्याळ आणि कडदोरा काढावा. त्वचेला चिकटलेले कापड मात्र ओढू नये, फोड फोडू नयेत आणि नंतर तो भाग स्वच्छ धुतलेल्या सुती कापडाने सैलसर झाकावा. लहान मुलांच्या बाबतीत उरलेले शरीर कोरडे आणि उबदार ठेवणेही तितकेच आवश्यक असते.

रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटांसह, हा त्याच्या शरीराच्या सुमारे एक टक्का पृष्ठभागाइतका असतो, आणि या मापाने भाजलेल्या भागाचा अंदाज घेता येतो. एका तळहाताहून मोठे भाजणे, चेहरा, हात, पाय, सांधे किंवा जननेंद्रिये यांवरील भाजणे, त्वचा पांढरी किंवा काळी पडून तिथे वेदना न जाणवणे, आणि लहान मुलाचे कोणतेही फोड येण्याइतपत भाजणे, ही रुग्णालयात जाण्याची लक्षणे आहेत. वेदना नसणे हे बरे लक्षण समजण्याची चूक होते. खोल भाजल्यावर वेदना पोहोचवणाऱ्या नसाच जळालेल्या असतात.

हातात फटाका फुटला तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून रक्त थांबवावे आणि हात हृदयापेक्षा उंच धरावा. बोट तुटून पडले असेल तर ते किंचित ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फात ठेवून रुग्णाबरोबर न्यावी. बोट थेट बर्फावर ठेवल्यास ते जोडण्याजोगे राहत नाही. कानाजवळ स्फोट होऊन ऐकू कमी येऊ लागले, सतत गुणगुण जाणवू लागली किंवा कानातून रक्त आले, तर कानात तेल किंवा थेंब न घालता एक-दोन दिवसांतच कानाच्या तज्ज्ञाला दाखवावे, कारण आतल्या कानातील ध्वनिसंवेदक पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशमन दलासाठी १०१ आणि कोणत्याही संकटात ११२ हे क्रमांक घरातील प्रत्येकाला पाठ असावेत.

कायदा, माल आणि साठा

फटाके हे कायद्याच्या दृष्टीने स्फोटके आहेत. त्यांचे नियमन १८८४ चा स्फोटके अधिनियम आणि २००८ चे स्फोटके नियम यांनुसार होते, आणि त्यासाठीच्या केंद्रीय यंत्रणेचे म्हणजे पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. १९९९ च्या अधिसूचनेने फटाका फुटण्याच्या जागेपासून ४ मीटर अंतरावर १२५ डेसिबल एआय किंवा १४५ डेसिबल सी-पीक याहून अधिक आवाज करणाऱ्या फटाक्यांना बंदी घातली. एआय आणि सी-पीक या क्षणभर टिकणारा आवाज मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. ही मर्यादाच अंतराशी जोडलेली आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे, कारण मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते, आणि ४ मीटरच्या आत उभे राहणारा माणूस कायद्याने गृहीत धरलेल्या मर्यादेपेक्षा मोठा आवाज सोसत असू शकतो.

सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत फटाक्यांना मनाई केली, आणि २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात दिवाळीसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून, फटाक्यांच्या माळा व बेरियमचे क्षार यांवर बंदी घालत, कमी प्रदूषण करणाऱ्या फटाक्यांचा आग्रह धरला. असे ‘हरित फटाके’ नागपूरच्याच राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या पुढाकाराने विकसित झाले असून त्यांतून सुमारे ३० टक्के कमी कण बाहेर पडतात. त्यांमुळे हवेचा भार हलका होतो, परंतु त्यांची ज्योत भाजतेच आणि त्यांचे तुकडे उडतातच. हरित या नावामुळे अंतराचा नियम सैल करता येत नाही.

गंधक आणि क्लोरेट क्षार यांचे मिश्रण घर्षणाने किंवा हलक्या धक्क्यानेही पेटू शकते, म्हणून भारतात १९९२ पासून ते फटाक्यांत वापरण्यास मनाई आहे. चोरट्या मार्गाने येणाऱ्या स्वस्त मालात नेमके हेच मिश्रण आढळण्याचा धोका असतो. फटाके परवानाधारक दुकानातूनच घ्यावेत, वेष्टनावर उत्पादकाचे नाव आणि वापरण्याच्या सूचना आहेत का ते पाहावे आणि कोणताही फटाका खिशात ठेवून फिरू नये. गावी जाताना रेल्वेच्या डब्यात फटाके नेणे हा रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १६४ नुसार तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, कारण धावत्या डब्यात अंतर आणि अवधी या दोन्हींना जागा नसते.

साठा एकत्र असला की एका ठिणगीने काय होते, याची दोन उदाहरणे २०१६ मध्येच घडली. केरळातील पुट्टिंगल देवळात १० एप्रिलच्या पहाटे आतषबाजीची ठिणगी साठवलेल्या दारूपर्यंत पोहोचली आणि शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तर औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, जिल्हा परिषद मैदानावरील फटाक्यांच्या बाजारात दिवाळीत लागलेल्या आगीत शंभराहून अधिक दुकाने काही वेळातच भस्मसात झाली. घरातही हाच नियम लागू होतो. वाजवायचे फटाके एकेक करून बाहेर आणावेत, बाकीचे झाकणाच्या खोक्यात देवघर, स्वयंपाकघर आणि पणत्यांपासून दूर ठेवावेत, आणि पेटवण्याच्या जागेपासून ते खोके बरेच लांब असावे.

जागा आणि जबाबदारी

शहरांतील गृहनिर्माण संस्थांत मोकळी जागा कमी असते, त्यामुळे वाहनतळ, जिना, गच्ची आणि गॅलरी यांचा वापर होतो. या चारही जागा अयोग्य आहेत: वाहनतळात इंधन असते, जिन्यात पळायला वाट नसते, गच्चीवरून सुटलेला बाण समोरच्या इमारतीत जातो आणि गॅलरीत वाळत घातलेले कपडे असतात. संस्थेने एक मोकळी जागा व ठरावीक वेळ मुक्रर करून, वाळूच्या दोन व पाण्याच्या दोन बादल्या ठेवून, एका जबाबदार प्रौढाची नेमणूक केली आणि पाहणाऱ्यांसाठी जमिनीवर चुन्याची रेघ ओढली, तर बहुतेक धोके तिथेच संपतात. हवाई फटाके आणि बाण यांसाठी ही रेघ अधिक दूर हवी. खेड्यांत दिवाळी ही सुगीच्या तोंडावर येते. सोयाबीनच्या गंजी, कडब्याची वैरण आणि गोठे यांच्या आसपास बाण सोडल्यास एका रात्रीत वर्षाचे उत्पन्न आणि दावणीची जनावरे जातात, म्हणून तिथे गावाबाहेरील मोकळे रान निवडावे आणि वाऱ्याची दिशा पाहावी. लग्नाच्या वरातीत व विसर्जनाच्या मिरवणुकीत गर्दीच्या मध्येच माळ लावण्याची प्रथा बंद होणे आवश्यक आहे, कारण गर्दीत कोणालाही मागे सरकता येत नाही.

फटाके पेटवणाऱ्याने मद्यपान केलेले नसावे, आणि हाताला लावलेले अल्कोहोलयुक्त जंतुनाशक पूर्ण वाळलेले असावे, कारण त्याची वाफ चटकन पेट घेते. एकाच प्रौढाने पेटवावे आणि दुसऱ्याने केवळ मुलांकडे लक्ष ठेवावे; दोन्ही कामे एकाच माणसाने केली तर ज्या क्षणी तो वातीकडे पाहत असतो, त्याच क्षणी मुले त्याच्या नजरेबाहेर असतात. ज्या कुटुंबांना आतषबाजीचा आनंद हवा आहे पण जोखीम नको आहे, त्यांनी मैदानावर परवानाधारक जाणकारांनी केलेली सार्वजनिक आतषबाजी पाहणे हा उत्तम मार्ग आहे, आणि नगरपालिकांनी व मंडळांनी त्याची सोय करणे हे सार्वजनिक आरोग्याचेच काम ठरेल.

या सर्व उपायांत खर्चाचा किंवा अवघड असा एकही नाही. पाण्याची बादली, लांब उदबत्ती, सुती कपडे, बंद बूट आणि फुसक्या फटाक्याकडे पाठ फिरवण्याइतका संयम एवढ्यावर बहुतेक इजा टळतात; उलट एकदा गेलेला डोळा किंवा तुटलेले बोट परत आणण्याचे सामर्थ्य आजच्या प्रगत वैद्यकातही फार मर्यादित आहे. फटाके वाजवायचे की नाहीत, हा निर्णय प्रत्येक कुटुंबाने आपल्या विवेकाने घ्यावा, मात्र ते ज्या घरात वाजवले जातात त्या घरातील मोठ्यांनी मुलाच्या हाती उदबत्ती देण्याआधी त्याला किती दूर उभे राहायचे आणि किती वेळ थांबायचे हे शिकवणे, ही त्यांची टाळता न येणारी जबाबदारी आहे.